पाण्याची बाटली भरलेलीच का परत जात होती?

मी मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. गेल्या वर्षी जूनमध्ये आठवीत एक नवा मुलगा आला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. दोन्ही पाय ताठ, चालताना गुडघे एकमेकांना घासतात, टाचा टेकत नाहीत. वडील मोटारसायकलवरून फाटकापर्यंत सोडतात, तिथून वर्गापर्यंत तो वॉकर घेऊन येतो. हात चांगले चालतात, फक्त जरा सावकाश. गणित मात्र झटकन सोडवतो.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सर, याचा आराखडा तुम्हीच करा. शरीराचं तुम्हाला कळतं." गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आमच्याकडे महिन्यातून एक-दोनदाच येऊ शकतात, त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत. त्यांनी वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा कोरा तक्ता दिला. मी तो एका संध्याकाळी बसून भरून टाकला. अकरा उद्दिष्टं लिहिली. चालण्यात सुधारणा, हस्ताक्षर, वर्गात बोलणं, मित्र जोडणं असं सगळं. खेळाच्या तासापुढं लिहिलं, 'गुणलेखक म्हणून सहभाग'.

तीन आठवड्यांनी विशेष शिक्षिका आल्या. तक्ता वाचला आणि एवढंच विचारलं, "सर, तुम्ही त्याला एक अख्खा दिवस बघितलंय का?"

बघितलं नव्हतं. मग मुख्याध्यापकांशी बोलून दोन दिवसांचे माझे तास बदलून घेतले आणि वही घेऊन बसलो. विशेष शिक्षिकांनी सांगितलं होतं तसं मत काहीच लिहायचं नाही, वेळ आणि घटना तेवढी लिहायची. दहा पन्नास : बाक उंच, पाय लोंबकळतात, खाली सरकतो, हातानं स्वतःला वर ओढतो. अकरा तीस : पुन्हा वर ओढतो. चौथा तास : डोकं बाकावर. मधली सुट्टी : डबा अर्धा, पाणी नाही. दोन्ही दिवशी पाण्याची बाटली भरलेलीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, "पाणी का पीत नाहीस?"

बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाणी पिलं की जावं लागतंय की सर."

आमच्या मुतारीला सात इंचांची पायरी आहे. आत धरायला काही नाही. पहिल्या आठवड्यात तो तिथं पडला होता. दोन पोरांनी उचललं आणि ते वर्गात सगळ्यांना कळलं. तेव्हापासून सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत त्यानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. चौथ्या तासाला टेकलेलं डोकं, अर्धा डबा, 'अभ्यासात लक्ष नाही' हा एका शिक्षकांचा शेरा, या सगळ्याच्या मुळाशी ती पायरी होती. आणि माझ्या अकरा उद्दिष्टांत पायरीचा उल्लेखही नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी जुना तक्ता बाजूला ठेवला. नव्या कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या आणि या वेळी त्या त्याला विचारून लिहिल्या. मुतारीत एकट्यानं जाऊन यायचं. शेवटच्या तासापर्यंत ताठ बसायचं. तिसरी त्यानं स्वतः सांगितली आणि ती ऐकून मी वरमलो. "सर, मला गुण लिहायचं नाही. चौथीपासून तेच करतोय. मला गोळा टाकायचाय." आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं, ते त्यानं मोबाईलवर कितीदा तरी बघितलं होतं. आपल्याच जिल्ह्यातला माणूस, याचं त्याला फार अप्रूप होतं.

पायरीचं काम सगळ्यात आधी घेतलं. उताराचा नियम एकास बाराचा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सात इंचांना सात फूट उतार लागतो. गवंडी म्हणाला तीन फुटांत बसवतो. मी नको म्हणालो, कारण तेवढ्या चढावर वॉकर मागं ढकलतो. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं भिंतीला पाईपचे दोन दांडे बसवून दिले, पैसे घेतले नाहीत. दांडा किती उंचीवर हवा हे मुलाला उभं करून खडूनं खूण करून ठरवलं. बाकाखाली पाय टेकायला फळी ठोकली. कंबर, गुडघा, घोटा तिन्हीकडे काटकोन आला पाहिजे, हे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं होतं. फळीला सुतारानं अर्धा तास घेतला आणि त्या दिवसापासून तो बाकावरून खाली सरकायचा थांबला.

मिरजेला त्या मॅडमकडे मी त्याच्या आई आणि आजीबरोबर गेलो होतो. मी व्यायामांची मोठी यादी मागत होतो. त्या म्हणाल्या, "दहा दिले तर एकही होणार नाही. दोन देते. पण कोण करणार, किती वाजता आणि कुठं बसून, हे आत्ता माझ्यासमोर ठरवा." आई पहाटे उठून मजुरीला जाते, वडील ट्रॅक्टरवर. सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. आजी म्हणाल्या, "मी दूध डेअरीला घालून येते, तवर ह्याची अंघोळ झालेली असती. तवाच करते की. कढत पाण्यानं अंग सैल असतंय." मॅडमनी मान डोलावली, अंघोळीनंतर स्नायू ताणायला सोपे जातात. आराखड्यात 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात आजींचं नाव गेलं, वेळेपुढं लिहिलं 'डेअरीहून आल्यावर'. घड्याळातली वेळ लिहिली असती तर ती पाळली गेली नसती असं मला वाटतं. पोटरी ताणून तीस सेकंद धरायची, तर आजी मनात तीस आकडे मोजायच्या. नागा झाला तर कॅलेंडरवर फुली. पहिल्या महिन्यात चार फुल्या होत्या.

आता मैदानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे क्रीडाशिक्षक इथंच अडतात. खेळ बदलायचा तर चार गोष्टी हलवून बघायच्या : जागा, काम, साहित्य आणि माणसं. गोळ्यासाठी साहित्य बदललं. सेरेब्रल पाल्सीत ज्यांना उभं राहून फेकता येत नाही त्यांचे एफ ३१ ते एफ ३४ असे गट असतात, ते बसून फेकतात. बसायची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या आत लागते. प्लास्टिकची खुर्ची फेकताना कलंडली. मग त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी बैठक करून घेतली, पुढं एक उभा दांडा. डाव्या हातानं दांडा धरायचा, उजव्यानं फेकायचं. कमरेला आणि मांड्यांना पट्टे, बैठकीचे पाय खुंट्यांना दोरीनं आवळलेले. एक किलोचा गोळा घेतला. पहिली फेक २ मीटर ४० सेंटिमीटर. त्यानं टेप स्वतः वाचला आणि वहीत लिहिलं.

पण तो एकटाच कोपऱ्यात गोळा टाकतोय आणि बाकी वर्ग कबड्डी खेळतोय, हे मला खुपत होतं. म्हणून आठवड्यातला एक तास सगळ्यांनाच खाली बसवलं. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचं मैदान १० बाय ६ मीटरचं असतं आणि जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटरवर. सभागृहाच्या फरशीवर खडूनं आखलं, दोन खुर्च्यांना दोरी बांधली. नियम इतकाच की चेंडू मारताना बूड उचलायचं नाही. आमचे धावणारे, उंच पोरगे चेंडूपर्यंत पोचेनात. हातांवर जोर देऊन सरकायचं कसं हे त्यांना माहीतच नव्हतं. तो मात्र घरात लहानपणापासून तसाच सरकतो. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंची पोरं ओरडायला लागली, "ह्याला आमच्याकडं द्या सर!" मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि पुढच्या बहुतेक सवलतींना युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं. एका कार्यालयातून आम्हाला दोनदा परत पाठवलं, कारण आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावात एका अक्षराचा फरक होता. दोन्ही वेळा आईची दिवसाची मजुरी बुडाली. कुणी हे करणार असेल तर आधी सगळ्या कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवा, मगच निघा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी येते, १ लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ऑगस्टमध्ये पाणी वाढलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, आकडा तिकडं सरकायला लागला की आमच्याकडं जनावरं हलवायची गडबड सुरू होते. शाळा बंद झाली. त्याच्या घरचे सगळे घर सोडून पाहुण्यांकडं गेले, वॉकर बरोबर गेला, पण पायाचे स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारे साचे, घरातच राहिले. दोन आठवड्यांनी तो आला तेव्हा पोटऱ्या पुन्हा आवळलेल्या होत्या. २०१९ चा पूर बघितलेल्या गावात मी पुराचा विचार न करता वर्षाचा आराखडा लिहिला होता. मग एक रकाना वाढवला : शाळा बंद असेल तर. त्यात लिहिलं की बाहेर पडताना कागदांच्या पिशवीबरोबर स्प्लिंट घ्यायचे, आणि व्यायाम जिथं असू तिथं, आजींच्या मांडीवर पाय ठेवून.

दिवाळीनंतर उंची वाढली आणि स्प्लिंट टाचेला लागायला लागले. काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर ते घालायचे नाहीत, हे आजींना सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी स्वतःहून ते बंद केले आणि मला निरोप धाडला. नवीन यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात चालणं मागं गेलं. तो चिडचिड करायचा, एकदा बैठकीवरून गोळा रागानं बाजूला टाकून दिला. त्या दिवशी मी काही बोललो नाही, शेजारी बसून राहिलो.

फेब्रुवारीत फेक ३ मीटर १५ वर गेली. बाटली रोज रिकामी होत होती, काही दिवशी नळावर जाऊन दुसऱ्यांदा भरली जायची.

यंदा तो नववीत आहे. आराखड्याच्या बैठकीला आई, आजी, विशेष शिक्षिका, वर्गशिक्षक, मी आणि तो असे सहाजण बसलो. दहावीला लेखनिक घेऊया असं आम्ही सुचवलं. तो म्हणाला, "लेखनिक नको. माझं मी लिहितो, वेळ वाढवून द्या." तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळायला हवीत, असा नियम आहे. तेव्हापासून प्रत्येक चाचणीला वर्गशिक्षक त्याची वेळ लावतात. जुलैत एक तासाच्या पेपराला १ तास ३१ मिनिटं लागली होती. परवाच्या चाचणीत १ तास २३.