घाटुंगा स्टेशन आणि दीडशे टक्के

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, मग घरीच बसून स्टेशनांची खोटी नावं बनवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. आधीच्या अक्षरानंतर खऱ्या नावांत काय येतं ते बघायचं आणि त्यातूनच पुढचं रँडम उचलायचं, बास, मार्कोव्ह चेन. घाटकोपर-माटुंग्यातून घाटुंगा निघालं, मुलुंड-कुर्ल्यातून मुलुर्ला, मी एकटाच हसत बसलो! पहिल्यांदा मात्र मात्राच सुटी सुरुवातीला यायची, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या कोडमध्ये साठवतो त्यात, 'कु' म्हणजे दोन तुकडे: 'क' आणि उकार.

मग भावाच्या लॅपटॉपवर दाखवायला गेलो तर बटणच गायब. त्याचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग) 150 टक्के, म्हणजे 1920 बाय 1080 ची स्क्रीन प्रोग्रामला 1280 बाय 720 वाटते आणि माझ्या प्रोग्रामची खिडकी 900 उंच, कोडमध्येच ठोकून दिलेली, म्हणून खालचं बटण स्क्रीनबाहेर. चूक माझीच, पण चिडलो त्याच्यावर.