शिकागोतल्या न दिसणाऱ्या वेशी: हॉवर्ड ते ९५वा रस्ता

मुंबई-पुण्याहून शिकागोला येणारा पाहुणा साधारण तीन गोष्टी बघून जातो: मिलेनियम पार्कातला चकचकीत 'बीन', नदीतली बोटीची फेरी आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरचा डोसा. 'साउथ साइडला फिरकू नका हं' हा सल्ला त्याला फुकट मिळतो, आणि तोही बहुतेक वेळा स्वतः तिकडे कधी न गेलेल्या माणसाकडून. 'ती माणसं आपापल्यातच राहतात, त्यांना तसंच आवडतं' हे त्या सल्ल्याचं शेपूट. 'ती माणसं' म्हणजे शहराच्या दक्षिण भागातले, साउथ साइडचे, कृष्णवर्णीय. ते कितपत खरं आहे हे लोकलच्या तिकिटात बघता येतं. मी पाहुण्यांना जो मार्ग सांगतो तो हा.

व्हेंट्रा या इथल्या लोकल-बसच्या कार्डावर दिवसभराचा पास घ्या. रेड लाइन ही लोकल उत्तरेला हॉवर्डपासून दक्षिणेला ९५व्या रस्त्यापर्यंत जाते, सुमारे ३७ किलोमीटर, ३३ स्टेशनं. पूर्ण प्रवासाला तास-सव्वा तास. सकाळी साडेनऊनंतर निघा, मोटरमनच्या डब्यात बसा, फोन दाराजवळ हातात मिरवू नका. पत्ते समजायला सोपे: स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य, तिथून साधारण दर ८०० आकड्यांना एक मैल.

सुरुवात डेव्हनपासून करा. लोयोला स्टेशनवरून १५५ नंबरची बस धरून वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या थोडं पुढे उतरा. ही आधी ज्यू वस्ती. १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथे निघालं आणि हळूहळू रस्ता आपल्या वळणाचा झाला. खांबांवरच्या पाट्या वाचत चला: एका टप्प्यात गांधी मार्ग, दुसऱ्यात जिनांचं नाव, तिसऱ्यात गोल्डा मायर. गंमत अशी की आज इथे वाणसामान भरायला येणारे बरेच जण नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग अशा उपनगरांतून गाडी काढून येतात. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली याच शहरात स्थापन झालं, पण मराठी माणूस डेव्हनला फार चिकटून राहिला नाही. हातात पैसा आला तसा तो उपनगरात गेला. त्याच्या आधीचा ज्यू दुकानदारही असाच निघून गेला होता. हौसेनं एकत्र राहणं ते हे. यायला मोकळीक, जायलाही मोकळीक.

आता पुन्हा रेड लाइन, दक्षिणेकडे. डाउनटाउनपर्यंत डबा सगळ्या रंगांचा असतो. चायनाटाउनला काही उतरतात, सॉक्स-३५व्या रस्त्याला बेसबॉलवाले आणि विद्यार्थी उतरतात, आणि त्यानंतर डब्यात जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. कुणी पाटी लावलेली नाही, कुणी हाकललेलं नाही.

तुम्हीही ३५व्या रस्त्यालाच उतरा आणि पूर्वेकडे ब्रॉन्झव्हिलमध्ये चाला. किंग ड्राइव्हच्या चौकात पहिल्या महायुद्धात लढलेल्या इथल्या कृष्णवर्णीय पलटणीचं स्मारक आहे. तिथून उत्तरेला २६व्या प्लेसपर्यंत गेलात की स्थलांतराचा पुतळा लागतो. लांबून माणसाच्या अंगावर खवले असावेत असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, तो सगळा पोशाख बुटांच्या झिजलेल्या तळांचा आहे. हातात दोरीनं बांधलेली बॅग. १९१६ ते १९७० या काळात दक्षिणेकडच्या राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय बाहेर पडले, त्यातले लाखो इथे आले आणि या चिंचोळ्या पट्ट्यात कोंडले गेले.

मिशिगन तळ्याकाठी २९व्या रस्त्याजवळ एका दगडावर छोटा फलक आहे. लोक सायकलवरून त्याच्या बाजूनं निघून जातात. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा तराफ्यावरून वाहत 'गोऱ्यांच्या' पाण्यात गेला, काठावरून दगड आले आणि तो बुडाला. पोलिसानं दगड मारणाऱ्याला पकडलं नाही. पुढच्या आठवडाभराच्या दंगलीत ३८ माणसं मेली, २३ काळी आणि १५ गोरी. पाण्यातली ती वेस कुठल्याही कायद्यात नव्हती.

जमिनीवरची मात्र कागदावर उतरली. एका गल्लीतले घरमालक मिळून करार नोंदवायचे की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. शिकागोतल्या ठरावीक मसुद्यात सवलत एकच, ती घरगडी, शोफर आणि जॅनिटर यांना. म्हणजे राबायला चालेल, राहायला नाही. गावकुसाबाहेरची वस्ती माहीत असलेल्या आपल्या वाचकाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. वॉशिंग्टन पार्कच्या दक्षिणेला र्‍होड्स ॲव्हेन्यूवर ६१४० नंबरचं तीन मजली विटांचं घर आहे. कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी ते घेतलं म्हणून खटला झाला. करार लागू व्हायला ९५ टक्के मालकांच्या सह्या लागत होत्या आणि प्रत्यक्षात जेमतेम ५४ टक्क्यांच्या होत्या. १९४० साली सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत हे ठरायला १९४८ उजाडावं लागलं. फोटो फुटपाथवरूनच घ्या.

दुसरा कागद सरकारी. १९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे कर्जाला सगळ्यात चांगला भाग, लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा. प्रत्येक भागाचा एक फॉर्म असे आणि त्यात 'शिरकाव' असा चक्क एक रकाना. कोण शिरतंय ते तिथे लिहायचं. रिचमंड विद्यापीठानं हे नकाशे इंटरनेटवर मोफत ठेवलेत, फोनवर उघडून चालत चालत ताडून बघता येतात. फक्त सगळं खापर या नकाशांवर फोडू नका. खरी मेख १९३४ पासून कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमांत होती. मिश्र वस्तीला हमी नाही, आणि हमी नाही तर बँकेचं कर्ज नाही.

मग कर्ज नसलेल्यानं घर घ्यायचं कसं? पश्चिमेच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत त्याची रीत अशी होती. दलाल आधी गोऱ्या मालकाला घाबरवायचा, 'काळे येताहेत, भाव पडणार', आणि घर स्वस्तात उचलायचा. तेच घर कृष्णवर्णीय कुटुंबाला 'कॉन्ट्रॅक्ट'वर विकायचा. सगळे हप्ते फिटेपर्यंत खरेदीखत दलालाकडेच, दुरुस्ती आणि कर मात्र खरेदीदाराच्या माथी. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. घर रिकामं झालं की दलाल पुढच्याला विकायला मोकळा. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात ही घरं सरासरी ८४ टक्के चढ्या भावानं विकली गेल्याचं निघालं, आणि शिकागोतल्या कृष्णवर्णीयांचं एकूण नुकसान आजच्या हिशेबात ३ ते ४ अब्ज डॉलर. हप्ते फेडायला नवरा-बायको दोन-दोन पाळ्या करायचे, पोटभाडेकरू ठेवायचे, डागडुजी राहून जायची. वस्ती मोडकळीला आली की बाहेरचे म्हणायचे, बघा, यांना राहायची रीत नाही. १९६८ साली इथल्या खरेदीदारांनी संघटना काढून हप्ते बंद केले, तेव्हा कुठे काही करार बदलून मिळाले.

रेड लाइनवर परत या आणि ९५व्या रस्त्यापर्यंत जा. स्टेशनं डॅन रायन महामार्गाच्या मधोमध आहेत. दोन्ही बाजूंनी गाड्या धडधडतात, प्लॅटफॉर्मवर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही आणि हिवाळ्यात वारा हाडांत शिरतो. पूर्वेच्या बाजूला जी मोकळी जमीन आणि नवी घरं दिसतात, तिथे रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीच्या १६ मजली २८ इमारती होत्या. १९६२ साली बांधून पुऱ्या, २००७ पर्यंत जमीनदोस्त. अशा वसाहती आतून कशा होत्या ते बघायचं तर दक्षिण एडा रस्त्यावरचं सार्वजनिक गृहनिर्माणाचं संग्रहालय २०२५ साली उघडलंय. दुसऱ्या एका जुन्या वसाहतीच्या शिल्लक राहिलेल्या इमारतीतच ते आहे.

गुन्हेगारीबद्दल आडपडदा नको. शिकागोत २०२१ साली ८००च्या आसपास खून झाले, २०२४ साली ५७३. मोठा आकडा आहे, पण तो शहरभर सारखा पसरलेला नाही. पश्चिम आणि दक्षिणेच्या थोड्या वस्त्यांत आणि तिथेही काही ठरावीक गल्ल्यांत तो साचतो. मरणारे बहुतांश तिथलेच तरुण. पाहुण्याला धोका मुख्यतः फोन आणि पाकीट जाण्याचा, आणि तो डाउनटाउनलाही आहे. शिवाय साउथ साइड म्हणजे एकच वस्ती नव्हे. चॅटममध्ये शिक्षक आणि पोस्टातल्या नोकरदारांनी कष्टानं राखलेले विटांचे बंगले आहेत, तर काही मैलांवरच्या एंगलवुडमध्ये प्लॉटच्या प्लॉट रिकामे. २०१६ साली तिथे वाजतगाजत उघडलेलं होल फूड्सचं वाणसामानाचं दुकान २०२२ साली बंद झालं. शहरानं २०१३ साली एका फटक्यात ५०च्या आसपास शाळा बंद केल्या, त्याही बहुतांश अशाच वस्त्यांतल्या. ज्यांना जमतं ते निघून जातात: १९८० साली शहरात जवळजवळ १२ लाख कृष्णवर्णीय होते, २०२० साली ८ लाखांच्या आत.

वेळ उरला तर ग्रीन लाइननं ऑस्टिन स्टेशन. ऑस्टिन बुलेव्हार्डच्या पूर्वेला शिकागो, पश्चिमेला ओक पार्क. दलालांच्या घाबरवण्यानं ऑस्टिन वस्ती काही वर्षांत गोऱ्यांची काळी झाली. तीच लाट येताना बघून ओक पार्कनं १९६८ साली स्वतःचा गृहनिर्माण कायदा केला, 'घर विकणे आहे' अशा पाट्या अंगणात लावू दिल्या नाहीत, घराचा भाव पडला तर भरपाई देणारी योजना काढली आणि भाडेकरूंना मुद्दाम सगळ्या भागांत पसरवणारं केंद्र चालवलं. तिथली वस्ती आजही मिश्र आहे, मात्र घरं महाग.

इथे स्थायिक व्हायला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शेजारी कोणत्या वंशाचे आहेत हे रिअल इस्टेट एजंट तुम्हाला सांगणार नाही, वंश बघून वस्ती सुचवायला देशाच्या १९६८च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून आपली मंडळी शाळेचं दहापैकी रेटिंग विचारतात. शाळेचा मोठा खर्च त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो, घरपट्टी घरांच्या किमतीवर, आणि किमती पुन्हा जुन्या नकाशांच्या मागोमाग. नऊच्या खाली बघायचंच नाही असं ठरवलं की नेपरव्हिलसारखी तीन-चार उपनगरं उरतात. तिथली शाळा बघायला जाल त्या दिवशी ओक पार्कची शाळाही बघून या. ग्रीन लाइनचं ओक पार्क स्टेशन डाउनटाउनपासून अर्ध्या तासावर आहे.