रिकाम्या घरांची ओळ

आकड्यांचे तक्ते वाचण्याची मला जुनी खोड आहे. कुठल्याही गावाचा तक्ता हाती आला की मी आधी लोकसंख्या पाहतो, मग घरांची संख्या पाहतो आणि एकीला दुसरीने भागतो. एका घरामागे साधारण किती माणसे येतात हे कळले की गावाची निम्मी ओळख झाली, अशी माझी समजूत होती. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या ओशन सिटीचा २०१० च्या जनगणनेचा तक्ता पाहिला, तेव्हा हा भागाकार पहिल्यांदा उलटा झाला. लोकसंख्या ७,१०२ आणि घरे सुमारे ३० हजार, म्हणजे माणशी चार घरे! एखादे शून्य जास्तीचे पडले असेल असे वाटून मी आकडा पुन्हा तपासला, पण शून्य आपल्या जागी होते. चूक माझ्या भागाकारात होती, कारण ते दोन आकडे एकाच वस्तीचे असले तरी एकाच नियमाने मोजलेले नव्हते.

घर जिथे उभे आहे तिथेच मोजले जाते, त्याला दुसरा पर्याय नसतो. माणसाचे तसे नाही. अमेरिकी जनगणनेचा नियम असा की माणूस वर्षातला जास्तीत जास्त काळ जिथे राहतो आणि झोपतो, ते त्याचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण आणि तो मोजला जायचा तिथेच. त्यामुळे उन्हाळ्याचे दोन महिने समुद्रकाठच्या स्वतःच्या बंगल्यात काढणारे कुटुंब आपल्या मूळ शहराच्या लोकसंख्येत धरले जाते आणि बंगला मात्र किनाऱ्यावरच्या वस्तीच्या खात्यात राहतो. त्या घरात कोणीही ‘नेहमी’ राहत नसल्यामुळे त्याची नोंद ‘रिकामे’ अशी होते.

हा ‘रिकामे’ शब्द फार फसवा आहे. तो वाचला की डोळ्यांसमोर कुलूप, जाळी आणि उडालेला रंग येतो. प्रत्यक्षात जनगणना खात्याच्या व्याख्येप्रमाणे घरात माणसे आहेत, दिवे लागलेले आहेत, स्वयंपाक चालू आहे आणि गॅलरीत ओले टॉवेल वाळत आहेत, तरीही ते घर रिकामे असू शकते. अट एवढीच की आत असलेल्या सर्वांचे नेहमीचे घर दुसरीकडे असले पाहिजे. रिकाम्या घरांचे पुढे पोटप्रकार केलेले असतात. भाड्याने द्यायचे, भाड्याने गेलेले पण अजून कोणी राहायला न आलेले, विकाऊ, विकले गेलेले पण ताबा न घेतलेले, स्थलांतरित मजुरांसाठी ठेवलेले, ‘इतर’ आणि या सगळ्यांत किनाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला ‘हंगामी, करमणुकीसाठी किंवा प्रसंगोपात वापरासाठी’ हा प्रकार. २०१० मध्ये संपूर्ण अमेरिकेत १३ कोटी १७ लाख घरे होती आणि त्यांपैकी साडेशेचाळीस लाख, म्हणजे साडेतीन टक्के घरे, या हंगामी प्रकारात मोडत होती. मेन राज्यात हेच प्रमाण सोळा टक्क्यांच्या वर होते. समुद्रकाठच्या लहान वस्त्यांत ते निम्म्याच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही.

याच व्याख्येत एक बारकावा आहे आणि तो मला मनापासून आवडतो. होडी, व्हॅन किंवा फिरते घर यांत कोणी कायमचे राहत असेल तरच त्यांना ‘घर’ म्हणून मोजायचे, असा नियम आहे. म्हणजे धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या होडीला तक्त्यात जागा नाही, पण वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या बंगल्याला आहे. होडीत एखादा एकटा म्हातारा राहायला आला की त्या दिवसापासून होडी घर होते आणि तो मुक्काम हलवून गेला की ती पुन्हा होडी. बंगल्याला मात्र माणसावाचूनही घरपण असते.

एकदा हे लक्षात आले की तक्त्यातल्या बाकीच्या ओळींकडेही संशयाने पाहावे लागते. उदाहरणार्थ, मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण. समजा, एका वस्तीत १,००० घरे आहेत, त्यांपैकी ३०० घरांत कायमचे रहिवासी आहेत आणि या ३०० पैकी २४० घरांत मालक स्वतः राहतात. तक्ता सांगेल, मालकीचे प्रमाण ८० टक्के. ते खोटे नाही, पण तो भागाकार ३०० ने केलेला आहे, १,००० ने नाही. रस्त्याने चालणाऱ्याला दर चार घरांतले एकसुद्धा घर असे भेटणार नाही, जिथे मालक बाराही महिने राहतो.

घरांच्या किमतीच्या ओळीतही हेच घडते आणि इथे तर मी स्वतः बरीच वर्षे फसत होतो. घराच्या किमतीचा मध्यक, म्हणजे सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावल्या की मधोमध येणारी किंमत, म्हणून जो आकडा तक्त्यात छापलेला असतो, तो ज्या घरांत मालक स्वतः राहतात केवळ त्यांचाच असतो. वाळूला लागून असलेली सर्वांत महागडी घरे जर हंगामी असतील, तर त्यांच्या किमती त्या मध्यकात धरलेल्याच नसतात. भाड्याचेही तसेच, तिथे मोजलेले भाडे कायमच्या भाडेकरूचे मासिक भाडे असते, आठवड्याच्या बोलीवर पर्यटकांना दिलेल्या घरांचे नव्हे. त्यामुळे किमतीला उत्पन्नाने भागून ‘इथे घर घेणे परवडते की नाही’ असे गुणोत्तर काढले, तर ते बाजाराचे नसते, आधीपासून तिथे असलेल्यांचे असते. नव्याने घर शोधणाऱ्याची गाठ पडते ती तक्त्याबाहेरच्या किमतींशी.

माणूस कुठला, हे ठरवण्याची पद्धत सगळीकडे एकसारखी नाही, आणि एकाच देशातही दोन पद्धती नांदतात. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेला वर सांगितलेला ‘वर्षातला जास्तीत जास्त काळ’ हा नियम लागू आहे. उत्पन्न, भाडे, शिक्षण ही सगळी माहिती मात्र ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या बारमाही नमुना पाहणीतून येते, जी २००५ पासून पूर्ण प्रमाणावर सुरू आहे, आणि तिथे दोन महिन्यांचा नियम चालतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाला आलेला माणूस तिथला रहिवासी धरला जातो. थंडीचे चार महिने उबदार किनाऱ्यावर काढणारे वृद्ध जोडपे जनगणनेत उत्तरेतल्या आपल्या गावचे असते, तर पाहणीच्या प्रश्नावलीत ते किनाऱ्याचे ठरू शकते. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेने २०११ पासून वेगळी युक्ती केली असून, वर्षातले तीस दिवसांहून अधिक दुसऱ्या पत्त्यावर राहता का, असे तिथे थेट विचारले जाते. भारताच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या किनारी गावाबद्दल असा तक्ता मांडायचा तर पक्के छत, नळ, दूरचित्रवाणी, दुचाकी अशा वस्तूंवरून अंदाज बांधावा लागतो.

आता उत्पन्नाकडे येतो. सागरकाठच्या निवासी वस्तीत उत्पन्नाचा आकडा जितका अडचणीत आणतो तितका दुसरा कुठलाही आणत नाही, असे माझे मत आहे. पाहणीत उत्पन्न म्हणजे मागच्या बारा महिन्यांत हाती आलेले, कर कापण्यापूर्वीचे पैसे. पगार, धंद्याचा नफा, व्याज, लाभांश, निवृत्तिवेतन, निव्वळ घरभाडे हे सगळे त्यात येते. मालमत्ता विकून झालेला नफा त्यात धरत नाहीत, बँकेतली ठेव मोडून काढलेले पैसेही धरत नाहीत. स्वतःच्या घरात राहिल्यामुळे जे भाडे वाचते, त्याची तर कुठेच नोंद नसते. निवृत्तीनंतर शहरातले मोठे घर विकून समुद्रकाठी कायमचे आलेले जोडपे घ्या. घरावर कर्ज नाही, पदरी भरपूर ठेवी आहेत आणि खर्च त्या ठेवींतूनच चालतो. तक्त्यात हे जोडपे बेताच्या उत्पन्नाचे दिसते आणि शेजारी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून दोन नोकऱ्या करणारे कुटुंब कदाचित त्याच्या वरच्या गटात बसते.

घरभाड्याचे उत्पन्न तर आणखी गमतीने फिरते. किनाऱ्यावरचा बंगला पर्यटकांना भाड्याने जातो, पण ते उत्पन्न मालकाचे आणि मालक राहतो दुसऱ्या शहरात. समुद्राने मिळवून दिलेला पैसा अशा रीतीने शेकडो किलोमीटर आत असलेल्या एखाद्या उपनगराच्या उत्पन्नाच्या तक्त्यात जाऊन बसतो.

तक्त्यात उत्पन्नाचे तीन निरनिराळे आकडे असतात आणि लोक त्यांतला सोयीचा उचलतात. पहिला कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक; इथे कुटुंब म्हणजे एका घरात राहणारी सगळी माणसे, मग तो एकटा राहणारा माणूस असो की खर्च वाटून घेणारे दोन मित्र. दुसरा नात्याने बांधलेल्या कुटुंबाचा मध्यक, जो बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण एकटे राहणारे त्यातून गळतात. तिसरे दरडोई उत्पन्न, ज्यात सगळ्यांच्या उत्पन्नाची बेरीज करून तिला लहान मुलांसकट सगळ्या लोकसंख्येने भागलेले असते. वृद्धांच्या वस्तीत मुले कमी आणि एकेका घरात माणसेही कमी, त्यामुळे दरडोई आकडा फुगलेला दिसतो आणि कुटुंबाचा मध्यक साधारणच राहतो. दोन्ही आकडे बरोबर असतात. श्रीमंत वस्त्यांत मध्यकालाही वरून झाकण असते. अडीच लाख डॉलरच्या पुढे तो गेला की नेमका आकडा न छापता ‘२,५०,०००+’ एवढेच छापतात. घराच्या किमतीत हे झाकण वीस लाख डॉलरवर आहे. अशा दोन वस्त्यांत अधिक श्रीमंत कोणती, हे मग या तक्त्यावरून ठरवता येत नाही.

मध्यक वाढला म्हणजे लोकांचे उत्पन्न वाढले, हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी थांबलो आहे. पाच कुटुंबे घ्या, त्यांची उत्पन्ने २, ३, ५, ८ आणि २०. मधले ५, म्हणून मध्यक ५. भाडे परवडेना म्हणून पहिली दोन कुटुंबे वस्ती सोडून गेली. उरली ५, ८ आणि २० आणि मध्यक झाला ८. एकाच्याही हातात एक पैसा जास्त आला नाही, तरी वस्तीची साठ टक्के ‘प्रगती’ झाली. भाड्याची घरे एकामागून एक हंगामी होत जातात तिथे हेच घडत असते, आणि ते ओळखायचे असेल तर मध्यकाशेजारी भाडेकरू कुटुंबांची संख्या ठेवून पाहावी.

लहान वस्तीच्या आकड्यांना जोडून आलेली त्रुटीमर्यादा बहुतेक जण वाचत नाहीत. मीही पूर्वी वाचत नसे. ६५ हजारांहून कमी लोकवस्तीसाठी पाहणीचे आकडे पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढतात आणि शेजारी ९० टक्के विश्वासपातळीची मर्यादा छापतात, म्हणजे खरा आकडा छापलेल्या आकड्याच्या किती वरखाली असू शकतो ते सांगतात. मध्यक ७२,००० आणि मर्यादा १८,००० असेल, तर खरा आकडा ५४,००० ते ९०,००० यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. अशा दोन वस्त्यांची क्रमवारी लावणे हा वेळ घालवण्याचा प्रकार आहे. शिवाय पाच वर्षांच्या गाठोड्यात वादळेही गुंडाळली जातात. या मालिकेतला पहिलाच संच २००५ ते २००९ चा होता आणि कतरिना हे चक्रीवादळ २००५ च्या ऑगस्टमध्ये आले. त्याचा मोठा तडाखा बसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहराची लोकसंख्या २००० मध्ये ४,८४,६७४ होती, ती २०१० मध्ये ३,४३,८२९ भरली. या दोहोंच्या मधल्या त्या संचात वादळापूर्वीचे आठ महिने आणि नंतरची चार वर्षे एकाच आकड्यात मिसळलेली आहेत.

२०२० च्या जनगणनेत आणखी एक बदल झाला. उत्तरे देणाऱ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून लहान भागांच्या लोकसंख्येत मुद्दाम थोडा फेरफार करून आकडे प्रसिद्ध केले गेले. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली आणि प्रत्येक लहान गटातील एकूण घरांची संख्याही जशीच्या तशी ठेवली. त्या घरांपैकी किती भरलेली आणि किती रिकामी, हा आकडा मात्र फेरफारातून सुटलेला नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या गल्लीत घरे नेमकी किती हे खात्रीने सांगता येते. माणसे नेमकी किती हे नाही.

या सगळ्यात एक माणूस राहून जातो. हंगामी घरांच्या चादरी बदलणारा, उपाहारगृहात भांडी घासणारा, छपराची दुरुस्ती करणारा. त्याचे काम किनाऱ्यावर, पण भाडे न परवडल्यामुळे घर आतल्या बाजूला. रहिवाशांच्या तक्त्यात त्याला जागा नाही. कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण यांची जोडी लावणारे वेगळे तक्ते अमेरिकी जनगणना खाते ‘ऑन द मॅप’ या नावाने देते, त्यांत तो दिसतो. वस्तीत रोज कामाला येणारे किती आणि वस्तीतच राहून तिथेच काम करणारे किती, हे दोन आकडे तिथे शेजारी शेजारी असतात. आता कुठल्याही सागरकाठच्या वस्तीचा तक्ता उघडला की मी लोकसंख्येच्या आधी हंगामी घरांची ओळ पाहतो, मग हे दोन आकडे काढतो आणि त्यानंतर रस्त्याने आत जाऊन पहिले गाव कोणते लागते ते नकाशावर पाहून त्याच्या तक्त्यातला भाड्याचा रकाना उघडतो.