एक युरोचा उजेड

काल दुपारी भाजीवाल्याने माझं दहाचं नाणं परत केलं. "ताई, हे नाय चालत." मला वाटलं झालं, परत ती दहाच्या नाण्यांची अफवा सुरू झाली वाटतं, म्हणून भांडायच्या तयारीत बघितलं तर ते दहाचं नव्हतंच. एक युरोचं होतं. आपल्या दहाच्या नाण्यासारखंच, बाहेर पिवळी कडा, आत पांढरं, फक्त जरा लहान. बॅगेच्या चोरकप्प्यात इतकी वर्षं पडून होतं आणि बरोबर कोथिंबिरीच्या वेळी हाताला लागलं. इटलीच्या एक युरोवर लिओनार्दो दा विंचीचा तो हातपाय पसरलेला माणूस असतो. भाजीवाल्याने नाणं उन्हात धरून नीट बघितलं आणि विचारलं, "चार हात, चार पाय... देव आहे काय हा कुठला?" मी म्हटलं नाही हो, माणूसच आहे. "मग कवायत करतोय," म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "ऱ्हाऊ द्या, उद्या द्या दहा."

सुटे शोधूनही मिळाले नाहीत, मग कोथिंबीर घेऊन घरी आले आणि चहा टाकायच्या ऐवजी ते नाणं घेऊन बसले.

2022 चा नोव्हेंबर. मी आणि नवरा, रोम, चार दिवस. नोव्हेंबर अशासाठी की तेव्हा तिकिटं आणि खोल्या स्वस्त, आणि पहिला रविवार धरून गेलो कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट. म्हणजे रोमन साम्राज्य वगैरे सगळं ठीक आहे पण आमची ट्रिप ठरली ती त्या एका रविवारावरून. तेव्हा युरो ऐंशी-ब्याऐंशीच्या घरात होता. गुणिले ऐंशी हे गणित डोक्यात इतकं फिट बसलं होतं की मी झोपेतसुद्धा करत असेन. मेट्रोचं तिकीट दीड युरो म्हणजे एकशेवीस रुपये, दोघांचे दोनशे चाळीस, जाऊन येऊन चारशे ऐंशी, त्यापेक्षा चालू की! चाललो. चार दिवस नुसते चाललो. कॉफी उभ्याने प्यायची, कारण टेबलावर बसलं की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट. जेवण म्हणजे वजनावर मिळणारा पिझ्झा, तो कात्रीने कापून देतात, आणि आपण बोटांनी दाखवायचं, एवढाच, नको नको, अजून थोडा कमी. बाकी घरचा चिवडा होताच.

चिवडा आम्ही पियाझ्झा नव्होना नावाच्या चौकात खाल्ला, बेर्निनी या शिल्पकाराच्या कारंज्यासमोर बसून. त्यात चार खंडांतल्या चार नद्या आहेत आणि त्यातली एक आपली गंगा. पण गंगामाई तिथे चक्क बाप्या आहे, दाढीवाला, हातात भलंमोठं वल्हं. नवरा म्हणाला, 1651 साली कोण बघायला जाणार होतं. मी म्हटलं आपण आलोय ना आता. आणि गंगेच्या काठी बसून शेंगदाणे वेचत राहिले.

पाणी मात्र फुकट. रोमभर रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, 1874 पासूनचे, अडीच हजारांच्या आसपास. त्यांना नासोने म्हणतात, म्हणजे मोठं नाक, कारण तोटी तशीच खाली वाकलेली. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारक्या भोकातून पाणी उसळतं, मग वाकून प्यायचं. थंडगार, गोड पाणी. सगळं छान, पण त्या नळाला चावीच नाही. रात्रंदिवस धार चालू. पहिल्या दिवशी मी बाटली भरली आणि सवयीने हात चावी शोधायला गेला, तर हाताला काही लागेना. तशीच धार सोडून निघताना इतकं अपराधी वाटलं की दहा पावलं गेल्यावर मागे वळून बघितलं.

हे सगळं बाबांमुळे. आमच्याकडे पहाटे साडेचारला नळ यायचा आणि बाबा सव्वाचारला उठून नळाशी बसायचे, जणू नळ त्यांना भेटायलाच येतोय. घरात दोन गोष्टी वाहायला बंदी होती, पाणी आणि वीज. खोलीतून माणूस बाहेर पडला की त्याच्यामागे खटका पडायचाच. "खोलीत कोण नाही, दिवा काय भिंतीला दिसायला?" पॅसेजमध्ये झिरोचा बल्ब, त्या उजेडात आजी आयुष्यभर चाचपडत चालली. बाहेरच्या खोलीत ट्यूब दोन, पण दुसरी लागायची ती फक्त पाहुणे आले तर. त्यामुळे पाहुणे आले की मी आणि दादा दप्तरं घेऊन बाहेर. नकाशे भरणं, चित्रकलेची वही, सुईत दोरा ओवणं, अशी बारीक कामं आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवायचो. लोक म्हणायचे काय अभ्यासू मुलं आहेत हो! एकदा कोल्हापूरचे मामा साडेआठलाच उठले तर माझ्या नकाशातला गोदावरीचा खालचा अर्धा भाग राहून गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं नदी मध्येच आटली का. काय सांगणार, मामा गेले म्हणून?

तर, नव्होनाच्या जवळच सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं फ्रेंच लोकांचं चर्च आहे. दुपारी बंद असतं, ते उघडेपर्यंत तो चिवडा चालला होता. आत जायला तिकीट नाही, आणि डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जो या जुन्या नामांकित चित्रकाराची तीन चित्रं, येशूचा शिष्य संत मॅथ्यूची. फुकटात काराव्हाज्जो! फक्त कोनाड्यात अंधार, आणि बाजूला एक डबा. डब्यात नाणं टाकलं की दिवे लागतात. थोडा वेळ. मग खट्ट, परत काळोख.

आता यात न बोलता एक खेळ चालतो. अंधारात वीसेक माणसं उभी असतात, सगळी छताकडे वगैरे बघतायत, जणू छतच बघायला आली आहेत. कोणी तरी टाकेलच. आणि टाकतो कोणी तरी, दिवे लागतात, सगळे पुढे सरकतात. मी पर्समध्ये हात घालून युरो मुठीत धरून उभी. नवरा कुजबुजला, "अगं टाक की, ऐंशी रुपये." म्हटलं थांब, तो ग्रुप येतोय बघ.

तीन पाहुण्यांच्या उजेडात मी ते डावीकडचं चित्र बघितलं. मॅथ्यू जकात वसूल करणारा. टेबलाभोवती पाच जण आहेत, समोर पैसे, आणि उजवीकडून येशू हात करून बोलावतोय, त्याच्या डोक्यावरून तिरपा उजेड आत आलाय. तिघं त्याच्याकडे बघतायत. दोघं नाही. एक चष्मेवाला म्हातारा वाकून नाणी बघतोय आणि त्याच्या शेजारचा पोरगा मान खाली घालून मोजतोय, मोजतोयच. बोलावलेला मॅथ्यू नेमका कोण यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, दाढीवाला म्हणावं तर त्याचं बोट त्या पोराकडे आहे की स्वतःकडे तेच कळत नाही. मी त्या पोराकडे बघत होते. मूठ घामेजली होती, आतलं नाणं गरम. आणि खट्ट.

उजवीकडचं चित्र राहिलंच बघायचं. मॅथ्यूला मारतात ते. पाहुणे उठून गेले होते.

परत आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. तेव्हा बाबा होते. पँथिऑन, म्हणजे रोममधलं ते जुनं रोमन देऊळ, फार आवडलं त्यांना, छताला नऊ मीटरचं भोक आणि तोच दिवा. "एकोणीसशे वर्षं दिवसाचं बिल नाही," म्हणाले. (2023 च्या जुलैपासून तिथे पाच युरो तिकीट झालं, हे वाचून मला जो आनंद झाला तो कोणाला सांगण्यासारखा नाही.) डब्याचं सांगितल्यावर म्हणाले, "आणि दिवा बंद कोण करतं?" म्हटलं आपोआप होतो. "बघ! शहाणे लोक." मग त्या नळांचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. "चोवीस तास?" म्हणाले. "रात्रीसुद्धा?"

हो बाबा, रात्रीसुद्धा.

नाणं परत चोरकप्प्यात टाकलं. भाजीवाल्याचे दहा रुपये आज द्यायला हवे होते, पण खालीच गेले नाही. उद्या.