पॅसाडेनाचा रोझ बोल: नववर्षाच्या सामन्याला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज संघांचा नियमित हंगाम संपल्यावर जे ‘बोल’ सामने होतात, त्यांत कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाचा रोझ बोल सर्वांत जुना आहे. पहिला सामना 1902 मध्ये झाला आणि त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला 49–0 असे हरवले. 1923 पासून, 1942 आणि 2021 चे अपवाद वगळता, तो तेथील आरोयो सेकोच्या खोऱ्यातील रोझ बोल स्टेडियममध्ये होत आला आहे. 1 जानेवारी 2024 रोजी मिशिगन आणि अलाबामा यांच्यातील सामना, जो त्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपदाची उपांत्य फेरीही होता, आम्ही तेथे बसून पाहिला.

दिवसाची सुरुवात सकाळी आठच्या रोझ परेडने होते. फुले, पाने आणि बिया यांनीच मढवलेले चित्ररथ कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून साडेपाच मैल जातात. पुढची जागा हवी असलेले लोक आदल्या रात्री पदपथावरच मुक्काम करतात, पण त्याच दिवशी सामनाही पाहायचा असेल तर ते जागरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परेडसाठी मुख्य रस्ते बंद असल्याने गाडी आणणे सोयीचे नाही. मेट्रोच्या ए मार्गाने मेमोरियल पार्क स्थानकावर उतरावे आणि तेथून शटल बसने किंवा चालत स्टेडियमला जावे. चालणे मला अधिक आवडले, कारण खोऱ्यात उतरताना गोल्फच्या मैदानावर गाड्या लावून स्वयंपाक करणारे दोन्ही संघांचे चाहते भेटतात आणि अनोळखी माणसालाही आग्रहाने खाऊ घालतात.

तिकीट घेताना स्टेडियमचे वय लक्षात ठेवावे. खालच्या रांगांचा उतार सौम्य असल्याने कडेला उभ्या असलेल्या खेळाडूंमागे मैदान झाकले जाते, म्हणून स्वस्तातली वरची जागाही खालच्या महागड्या जागेपेक्षा चांगली ठरते. शक्य असल्यास पश्चिमेची बाजू निवडावी, म्हणजे दुपारचे ऊन पाठीवर राहते आणि डावीकडे सॅन गॅब्रिएलचे डोंगर दिसतात. बोगद्यासारखी प्रवेशद्वारे अरुंद आहेत, त्यामुळे किमान तासभर आधी आत असावे. पिशवी पारदर्शकच लागते.

सामना मध्यंतरापर्यंत मिशिगनकडे झुकलेला होता, पण चौथ्या सत्रात अलाबामाने 20–13 अशी आघाडी घेतली आणि आमच्या आसपासचे निळ्या-पिवळ्या कपड्यांतील मिशिगनचे चाहते गप्प झाले. दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरला असताना मिशिगनच्या मॅकार्थीने सहकारी रोमन विल्सनकडे चेंडू फेकून बरोबरी साधली. कॉलेजच्या नियमानुसार जादा वेळेत प्रत्येक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या 25 यार्डांवरून गुण मिळवण्याची एकेक संधी मिळते. मिशिगनच्या ब्लेक कोरमने 17 यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, आणि नंतर अलाबामाचा मिलरो गोलरेषेपासून तीन यार्डांवर चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात अडवला गेला. मिशिगन 27–20 असे जिंकले. नियम पुरते ठाऊक नसलेल्या आमच्यातील दोघांनाही त्या क्षणी काय पणाला लागले आहे ते कोणी समजावून सांगावे लागले नाही, आणि दूरचित्रवाणीवर ही उत्कंठा अर्धीही पोहोचत नाही, असे मला मनापासून वाटते.

आता राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बारा संघांच्या स्पर्धेमुळे येथे खेळणारे संघ जेमतेम दहा दिवस आधी निश्चित होतात, त्यामुळे राहण्याची सोय आधी करावी आणि संघ कळल्यावर तिकीट घ्यावे. 2026 पासून सामना दुपारी दोनऐवजी एकला सुरू होऊ लागल्याने परेड संपल्यावर जेवणासाठी रेंगाळण्यास फारशी सवड राहिलेली नाही. सूर्य डोंगराआड गेला की खोऱ्यात गारवा झपाट्याने वाढतो, म्हणून जाकीट सोबत ठेवावे. परतताना शटलच्या रांगा लांबतात, तेव्हा चालत निघालेलेच बहुधा लवकर पोहोचतात. 1 जानेवारी रविवारी आला, तर 2023 प्रमाणे परेड आणि सामना दोन्ही 2 तारखेला होतात, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे.