मिलवॉकीचे तिरके पूल आणि जुनोशेठ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराच्या डाउनटाउनमधले नदीवरचे बरेच पूल तिरके आहेत, कारण दोन काठांवरचे रस्ते समोरासमोर येतच नाहीत. घरून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "इंजिनिअर झोपला होता का?" नाही हो, हे मुद्दाम केलंय. पश्चिम काठाचा मालक बायरन किलबर्न. त्याला पूर्व काठाशी सोयरीकच नको होती.

पूर्व काठ सॉलोमन जुनोचा. क्वेबेकचा हा फ्रेंच भाषक १८१८ मध्ये फरच्या धंद्यात इथे आला, जॅक व्हियोच्या हाताखाली. दोन वर्षांत त्याचा जावईही झाला. बायको जोझेट आईकडून मेनॉमिनी या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या वंशाची. धंदा सगळा उधारीवर: हिवाळ्याआधी शिकाऱ्यांना ब्लँकेटं, किटल्या, बंदुकीची दारू द्यायची आणि वसंतात बीव्हर, मस्करॅटची कातडी आली की खातं मिटवायचं. भाषा आणि नातीगोती हेच त्याचं भांडवल.

पुढे १८३१ आणि १८३३ च्या तहांत मेनॉमिनी व पोटावाटोमी या मूळ रहिवासी जमातींनी इथली जमीन अमेरिकी सरकारला दिली. 'दिली' म्हणायचं, एवढंच. आता गिऱ्हाईकच जाणार म्हटल्यावर ग्रीन बेचा वकील मॉर्गन मार्टिन याच्या भागीदारीत जुनोने जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि तो विकू लागला. पोस्टमास्तर झाला, १८३७ मध्ये 'सेंटिनेल' वर्तमानपत्र काढलं, कोर्टासाठी जागा दिली. त्याच वर्षी मंदी आली आणि प्लॉटचे भाव कोसळले.

किलबर्नचा खाक्या वेगळा. १८४५ मध्ये पुलांवरून खरी मारामारी झाली, पश्चिमवाल्यांनी एका पुलाचं आपल्याकडचं टोकच पाडलं. शेवटी १८४६ मध्ये दोन्ही काठ आणि दक्षिणेची वॉकर्स पॉइंट ही वस्ती मिळून एक शहर झालं. पहिला महापौर जुनो. इथे त्याला साधाभोळा शहरपिता म्हणून रंगवतात. मला ते पटत नाही. वारा ओळखून धंदा बदलणारा माणूस भोळा कसला? फक्त किलबर्नइतका कोडगा नव्हता, एवढं मान्य.

नंतर तो आईच्या नावाने वसवलेल्या थेरेसा गावी राहायला गेला. १८५६ मध्ये वारला तो मात्र केशीनाला, मेनॉमिनींच्या राखीव भागात; जुन्या गिऱ्हाइकांशी व्यवहार तोवर सुटला नव्हता.

आणि हो, अलास्काची राजधानी जुनो ती याच्या नावाची नव्हे. ती याच्याच नात्यातल्या, सोनं शोधायला गेलेल्या जो जुनोच्या नावाची.