आमची वाटचाल : दारं-खिडक्यांपासून कीबोर्डच्या टेबलापर्यंत

आमचं वर्कशॉप वेंगुर्ल्यात आहे, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. बाबा सुतारकाम करायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. घरांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, गणपतीचे पाट, गणपतीवर टांगायची माटवी, लग्नात लागणारे चौरंग ही सगळी नेहमीची कामं आणि मधून मधून कोणाच्या तरी भजनी मंडळाची पेटी यायची, म्हणजे सूर वगैरे बघणारा माणूस वेगळा पण पेटीचं खोकं फुटलं, झाकणाच्या बिजागऱ्या गेल्या, तळाची फळी वाळवीने खाल्ली की ते आमच्याकडे. लहानपणी मी पडवीत बसून त्या पेटीच्या भात्याला हात लावायचो आणि बाबा ओरडायचे नाहीत, हे मला अजून आठवतं.

मी कुडाळला आयटीआय केलं, मग चार वर्षं पुण्यात मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात होतो. 2016 ला परत आलो. किचन ट्रॉली, वॉर्डरोब, टीव्ही युनिट अशी कामं मिळायला लागली आणि बरं चाललं होतं. वाजवायच्या कीबोर्डच्या टेबलाचा विचारही डोक्यात नव्हता.

पहिलं टेबल 2018 ला झालं. आमच्याच वाडीतला एक मुलगा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, त्याने घरी एक खोली रेकॉर्डिंगसाठी लावायला घेतली. 88 पट्ट्यांचा वजनदार डिजिटल पियानो घेतलेला, लॅपटॉप, दोन मॉनिटर स्पीकर, एक ऑडिओ इंटरफेस (माईक-कीबोर्डचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) आणि हे सगळं तो एका जेवणाच्या टेबलावर मांडून वाजवत होता. म्हणाला दादा, खांदे भरून येतात, अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. मी टेप लावली. टेबल 30 इंच उंच, त्यावर कीबोर्ड, म्हणजे पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून साडेचौतीस इंचांवर गेलेली. खऱ्या पियानोच्या पट्ट्या 28-29 इंचांवर असतात. हा मुलगा रोज सहा इंच वर हात उचलून वाजवत होता, मग खांदे भरणार नाहीत तर काय.

तर सोपा उपाय म्हणून मी त्याला टेबलाच्या पोटात सरकती फळी करून दिली, कॉम्प्युटर टेबलाला असते तशी, फक्त मोठी. 18 एमएम प्लाय, दोन्ही बाजूंना टेलिस्कोपिक चॅनल (खण ज्यावर सरकतो ती गोळ्यांची लोखंडी पट्टी), फळी 24 इंचांवर. दिसायला एकदम छान झालं. मी खूश, तो खूश.

जुलैमध्ये त्याचा फोन आला. काही बोलला नाही, एक रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हणाला हेडफोन लावून ऐका. मी ऐकलं. संथ चाल होती, मागे पाऊस नव्हता, खोली शांत होती आणि प्रत्येक वेळी तो डावीकडच्या खालच्या पट्टीवर जोर द्यायचा तेव्हा एक बारीक कर्र... असा आवाज. ते आमचं चॅनल होतं. वेंगुर्ल्याच्या हवेत एका पावसाळ्यात त्याच्या गोळ्या गंजल्या होत्या, शिवाय चार-साडेचार फुटांची फळी मधे दोन सूत खाली बसली होती, त्यामुळे एका टोकाला दाबलं की दुसरं टोक हलायचं. किचनच्या ट्रॉलीत हा आवाज कोणाला ऐकू आला नसता. पण इथे माईक उघडा असतो. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या मुलाने आठवडाभर बसून केलेलं काम माझ्या चॅनलमुळे वाया गेलं होतं.

टेबल परत आणलं आणि पैसे न घेता पूर्ण नवीन केलं. तेव्हा जे शिकलो त्यावरच आज आमचं सगळं काम उभं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कीबोर्ड ठेवणं आणि कीबोर्ड वाजवणं यात फरक आहे. ठेवला तर वजन दहा-बारा किलो, पण वाजवताना माणूस वरून दाब देतो, हिसके देतो, बोलता बोलता मनगटं टेकवून रेलतो. म्हणून चॅनल 45 किलोचं म्हणून विकलं जातं तेवढ्यावर जाऊ नये, ते बंद स्थितीत नाही तर पूर्ण बाहेर ओढल्यावर किती डुलतं ते बघायचं. आम्ही लॉक होणारं चॅनल लावतो, म्हणजे फळी बाहेर ओढली की टक्कन अडकते, वाजवताना आत सरकत नाही. सॉफ्ट क्लोजचं चॅनल लोक हौसेने मागतात, मी स्पष्ट नाही म्हणतो, शेवटच्या दोन इंचांत ते स्वतःहून आत ओढतं, कपाटाला ते चांगलं आहे, इथे नको. फळीला मागच्या कडेला खालून लोखंडी चौकोनी पाइप, पुढे मात्र पातळ पट्टी, कारण पुढे जाड पट्टी लावली की मांडी अडकते. खुर्ची 18 इंच, मांडीची जाडी पाच इंच धरली तर फळीच्या खालची बाजू 23 इंचांच्या वर पाहिजे आणि पट्ट्या 29 च्या खाली पाहिजेत, या सहा इंचांत फळी, पाइप, कीबोर्डचा तळ सगळं बसवायचं असतं. या कामातली खरी कसरत इथेच आहे, बाकी टेबल कोणीही करेल.

आणि गंज. समुद्राजवळ स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे लावायचे, साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत लाकडात डाग सोडतात आणि मग काढताना डोकं तुटतं. प्लाय आम्ही मरीनच वापरतो, पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा आयएस 710 हा मार्क बघून, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला, अगदी वायरच्या भोकाच्या आतल्या कडेलाही, सीलर मारतो. पार्टिकल बोर्ड कोकणात नकोच. ऑनलाइन मागवलेली तयार टेबलं पहिल्या आषाढात फुगून आलेली मी इतकी बघितली आहेत की आता कोणी विचारलं तर सरळ सांगतो, स्वस्तातलं घ्यायचं असेल तर जुनं सागाचं टेबल शोधा आणि आमच्याकडून फक्त फळी करून घ्या.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये चाकरमानी गावाला आले आणि आमचं काम खऱ्या अर्थाने वाढलं. मुंबईत स्टुडिओत वाजवणारे, गाण्याचे क्लास घेणारे, शाळेतले संगीत शिक्षक, सगळे आपापल्या गावच्या घरात, कोणी माजघरात कोणी माळ्यावर, ऑनलाइन शिकवायला बसले. मालवण, देवगड, सावंतवाडी, एक तर पार राजापूरहून, असे फोन यायला लागले. त्या दीड वर्षात 19 टेबलं झाली. बाबा, मी आणि एक मदतनीस, तिघंच.

तेव्हा कळलं की टेबल देऊन आपलं काम संपत नाही. माणूस टेबल लावतो आणि मग म्हणतो स्पीकरमधून घुंss असा आवाज येतोय. पहिल्यांदा मला वाटलं हा माझा विषयच नाही. पण गावचे दोन इलेक्ट्रिशियन मित्र होते त्यांच्याबरोबर फिरलो. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखी बिघडतं. काही घरांत तर तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. त्यात इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असला की लाइट गेल्यावर घुंघुं दुप्पट. लोक काय करतात, प्लगची तिसरी पिन मोडून टाकतात, आवाज कमी होतो म्हणून. कृपा करून हे करू नका, ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून, पाणी घालून अर्थिंग नीट करून घ्या, सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा आणि इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या.

टेबलात आता आम्ही मागे दोन वेगळ्या वाटा ठेवतो, डावीकडून लाइटच्या वायरी, उजवीकडून आवाजाच्या, आणि जिथे एकमेकींवरून जाणं भागच आहे तिथे आडवी-उभी फुली. शेजारी शेजारी लांबवर नेल्या की आवाजाच्या वायरीत ती घरघर शिरते. मिडीची (कीबोर्ड आणि कॉम्प्युटर जोडायची) वायर वेगळी, ती 1983 पासूनची जुनी पाच पिनांची पद्धत, त्यातून आवाज जात नाही तर कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली तेवढा निरोप जातो, हे मला एका शिक्षकांनी चहा पिता पिता समजावलं आणि तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला आधी विचारतो की तुमच्या कीबोर्डातून आवाज घेणार की निरोप, कारण त्यावर वायरींची भोकं ठरतात.

आणखी एक, मे अखेरीस आणि दसऱ्याच्या आसपास विजा होतात तेव्हा बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवायचा. म्हणून आमच्या टेबलाला बोर्ड हाताला येईल असा पुढच्या पायाजवळच असतो, भिंतीमागे नाही.

स्पीकर बसवताना मी सुतळी घेऊन जातो. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतचं अंतर, तिन्ही सारखी, आणि स्पीकरचा वरचा लहान भोंगा कानाच्या रेषेत. सुतळीने दोन मिनिटांत होतं. खाली रबराचा तुकडा, नाहीतर सगळं टेबल स्पीकरबरोबर गुणगुणतं.

आता बुवांची गोष्ट. आमच्याकडे डबलबारी भजनाचं, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या सामन्याचं, वेड तुम्हाला माहीतच आहे. जवळच्या गावातले एक बुवा, वय साठच्या पुढे, आयुष्यभर पेटी वाजवलेली, नातवाने त्यांना 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आणून दिला आणि चाली रेकॉर्ड करून ठेवायच्या म्हणून टेबल सांगायला आला. मी नेहमीसारखं माप लिहून घेतलं. टेबल नेऊन लावलं, बुवा खुर्चीवर बसले, काळी एकचा सूर धरला आणि थांबले. म्हणाले, "माका खुर्चेर बसान जमणा नाय रे झिला, मांडी घालून बसलंय की गळो उघडता."

नातू म्हणाला होईल सवय. बाबा माझ्यासोबत आले होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी तेका बसय, मगे माप घे." बुवांना त्यांच्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून चटईवर बसवलं, पेटी समोर ठेवली आणि वाजवायला सांगितलं. बाबांनी कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावली. साडेनऊ इंच. पेटीच्या पट्ट्याही जवळपास तिथेच. मग कीबोर्डचा तळ वजा केला तर फळी आली सहा इंचांवर. म्हणजे ते टेबल नव्हतंच, तो चौरंग होता, जो आमचे आजोबा करायचे. त्याच्या मागे एक उंच पायरी लॅपटॉपसाठी, दोन्ही बाजूंना 28 इंचांवर कान येतो तिथे स्पीकरच्या छोट्या घडवंच्या आणि उजव्या हाताशी टाळ ठेवायला खण. हा खण बुवांनीच सांगितला.

तेव्हापासून आम्ही मापाची पद्धतच बदलली. कोणीही टेबल सांगितलं की पहिला प्रश्न, तुम्ही बसता कसे? बसून वाजवतानाचा बाजूने काढलेला फोटो मागवतो, कोपर जमिनीपासून किती इंच ते मोजून घेतो. बैठं टेबल, ज्याला आम्ही आता चौरंग-स्टुडिओ म्हणतो, ते आज आमच्या कामातलं जवळजवळ निम्मं काम आहे. भजनी मंडळं, गाण्याच्या शिक्षिका, एक बासरीवाले पण आहेत.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. वर्कशॉपचे पत्रे गेले, आठवडाभर वीज नव्हती, शेजारच्या काकांच्या परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. काका दोन दिवस त्याच्याकडे बघतही नव्हते, त्यांच्या वडिलांनी लावलेला. मग स्वतःच येऊन म्हणाले जाळायला देऊ नको, काहीतरी कर त्याचं. इंच-दीड इंचाच्या फळ्या पाडल्या, मधे पट्ट्या घालून सावलीत रचल्या आणि दीड वर्षं हात लावला नाही, कारण ओलं लाकूड वापरलं तर एसी लावलेल्या खोलीत तडकतं. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं, पुढे हळूहळू मधासारखं तपकिरी होतं. दक्षिणेत मृदंगाचं खोड याचंच करतात. पहिला चौरंग त्यातला काकांच्याच नातीला दिला, ती गाणं शिकते. काका त्यावरून हात फिरवत बराच वेळ बसून होते, बोलले काही नाहीत.

आज आम्ही पाच जण आहोत. बाबा आता जड काम करत नाहीत पण प्रत्येक टेबल बाहेर पडायच्या आधी सरकती फळी बाहेर ओढून डाव्या टोकाला अंगठ्याने दाबून कान लावतात. त्यांना काही ऐकू आलं तर ते टेबल त्या दिवशी जात नाही, मग गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं असलं तरी.

पावसात काम हळू चालतं, पॉलिश सुकत नाही, दमट हवेत मारलं तर पांढरट पडतं, म्हणून चतुर्थीच्या आधी पाहिजे असेल तर मे महिन्यातच सांगून ठेवा. कीबोर्डचं मॉडेल, बसलेला फोटो, कोपराचं माप आणि खोलीत प्लग कुठे आहे एवढं पाठवलं की बाकी आम्ही बघतो. त्या फणसाच्या चार फळ्या अजून शिल्लक आहेत, त्यातल्या दोन बुवांच्या नातवाने धरून ठेवल्यात, त्यालाही आता खाली बसूनच वाजवायचंय.